वेल्ड तुटलं नाही, पाईपच वाकला, मग दोष कुणाचा?

कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड असलेल्या एका भावानं विचारलंय ते थोडक्यात असं. पिकअपवर बसवायचे अ‍ॅल्युमिनियमचे कॅरिअर केले, मटेरियल ६०६१ टी-६ चा पाईप (६०६१ हा मिश्रधातूचा नंबर, टी-६ म्हणजे भट्टीत कडक केलेली अवस्था), टीसी म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट घेऊनच आणलेला, आर्गन वेल्डिंग चांगल्या हाताच्या वेल्डरकडून, नंतर पावडर कोटिंग. तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या गाडीवर ठिबकच्या पाईपची बंडलं लादली आणि महिन्याभरात कॅरिअरचा उभा पाय वेल्डपासून बोटभर अंतरावर वाकला, वेल्डला मात्र एक चीरसुद्धा नाही. मटेरियलवाला म्हणतो माल ओके, वेल्डर म्हणतो वेल्ड ओके, आणि शेडमधल्या सगळ्यांचं मत की कोटिंगच्या ओव्हनमध्ये धातू मऊ पडला. शिवाय विचारलंय की ७०७५ हा जास्त ताकदीचा मिश्रधातू वापरला तर प्रश्न सुटेल का, आणि मे महिन्याच्या उन्हात तापून तापून अ‍ॅल्युमिनियम कमजोर होतं का.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत अ‍ॅल्युमिनियमच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काम केलेला माणूस, त्यामुळं सरळ उत्तर देतो. मटेरियलवाला खरं बोलतोय, वेल्डरही खरं बोलतोय, ओव्हन बिचारा बहुतेक निर्दोष आहे, आणि तरी पाईप वाकणारच होता. कारण वेल्डिंग करताना पाईपमध्ये जी उष्णता गेली तिचा हिशोब डिझाइन करताना कुणी केलाच नाही. हे आपल्याकडं फार होतं ओ, लोखंडाचं काम करून करून आपल्याला सवय लागलीय की वेल्ड टिकलं म्हणजे जॉइंट टिकला, साध्या माइल्ड स्टीलला ते बऱ्यापैकी चालूनही जातं, पण हीट ट्रीट केलेल्या अ‍ॅल्युमिनियमला अजिबात चालत नाही.

आधी हे बघा की ६०६१ ची ताकद येते कुठून. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम म्हणजे अगदी मऊ माल, ९० मेगापास्कल ताणाच्या आसपास तुटतो. ६०६१ मध्ये मॅग्नेशियम ०.८ ते १.२ टक्के, सिलिकॉन ०.४ ते ०.८, तांबं ०.१५ ते ०.४० आणि चिमूटभर क्रोमियम असतं, बाकी सगळं अ‍ॅल्युमिनियमच. आता हाच माल पूर्ण मऊ केलेल्या म्हणजे ओ टेम्परमध्ये साधारण १२४ मेगापास्कलला तुटतो आणि टी-६ मध्ये ३१० ला. यील्ड तर अजून बोलका आहे, म्हणजे कायमचं वाकायला जिथं सुरुवात होते तो आकडा, ओ मध्ये ५५ आणि टी-६ मध्ये २७६. पाचपट फरक, आणि कॉम्पोझिशन तेच, स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजायच्या मशिनवर, तुकडा ठेवला तर दोन्हींचा रिपोर्ट सारखाच येणार. म्हणून मी नेहमी सांगतो की टीसीवरचे टक्के बघून खूश होऊ नका, त्या टक्क्यांचं पुढं भट्टीत काय केलं आणि तुमच्याकडं आल्यावर तुम्ही काय केलं ते महत्त्वाचं.

भट्टीत काय होतं तर ५३० डिग्रीच्या आसपास (इथून पुढं सगळं सेल्सिअस) माल धरून ठेवतात, तिथं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळून जातात, मग झटकन पाण्यात क्वेंच करतात म्हणजे त्यांना बाहेर पडायला सवड मिळत नाही, आणि मग १६० डिग्रीला १८ तास किंवा १७५ च्या आसपास ८ तास एजिंग करतात, म्हणजे तेवढ्या तापमानाला धरून माल पिकवतात. त्या एजिंगमध्ये मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अति बारीक कण पडतात, नॅनोमीटरच्या मापाचे, साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाहीत इतके. तेच कण धातूच्या आतले थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत आणि तीच तुमची टी-६ ची ताकद. काकवीचा डबा बरेच दिवस ठेवला की बारीक रवा जाऊन तळाला मोठमोठे खडे धरतात ना, तसंच या कणांचं उष्णतेनं होतं, बारीक कण विरघळतात आणि मोठे कण अजून मोठे होतात, साखर तेवढीच पण रवाळपणा गेला. कण मोठे झाले की संख्येनं कमी होतात, त्यांच्यातली अंतरं वाढतात, थर मधून निवांत घसरतात आणि धातू मऊ. याला ओव्हरएजिंग म्हणतात.

ही गोष्ट माणसाच्या लक्षात आली तीही गंमतच आहे. जर्मनीत आल्फ्रेड विल्म नावाचा माणूस तांबं-मॅग्नेशियम घातलेलं अ‍ॅल्युमिनियम क्वेंच करून बघत होता, १९०६ ची गोष्ट, लगेच तपासलं तर मऊ आणि काही दिवस नुसतं पडून राहिल्यावर तपासलं तर कडक. त्यातूनच ड्यूरअ‍ॅल्युमिन आलं. पण असं का होतं याचा पुरावा बरीच वर्षं कुणाला देता येईना, १९३८ मध्ये फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन या दोघांनी एक्स-रे वापरून, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ते कण जमायला लागतात त्या पहिल्या जागा दाखवून दिल्या. म्हणजे वीस-एक वर्षं लोक ड्यूरअ‍ॅल्युमिनची विमानं उडवत होते आणि ताकद नेमकी कशामुळं येते ते कुणी दाखवलेलं नव्हतं.

आता तापमान आणि वेळ हे दोन्ही एकत्र बघायचे, एकटं तापमान सांगून उपयोग नाही. वर बघा, १६० ला १८ तास आणि १७५ ला ८ तास, पंधराच डिग्री वाढवल्या तर वेळ निम्म्याच्याही खाली आला. तोच नियम बिघडवण्यालाही लागू. ६०६१ टी-६ फार लांब मुदतीसाठी, म्हणजे हजारो तास गरम ठेवून तिथंच गरम असताना ओढून बघितलं, तर १५० डिग्रीला २३४ च्या आसपास, २०५ ला १३१ आणि २६० ला जेमतेम ५१ मेगापास्कल एवढी ताकद उरते. वितळायला अजून तीनशे डिग्री बाकी आहेत आणि ताकद सहावा हिस्सा राहिली, हे लक्षात ठेवा. ६०६१ वितळायला सुरुवात होते ती ५८२ च्या आसपास. वितळलं नाही म्हणजे काही झालं नाही असं समजणारे लोक मी खूप बघितलेत आणि त्यांना समजावता समजावता घसा बसतो.

ओव्हनचं म्हणाल तर पावडर कोटिंगचा नेहमीचा क्युअर म्हणजे भाजणी १८० ते २०० डिग्रीला दहा ते वीस मिनिटं. एवढ्यानं ६०६१ टी-६ चं काही बिघडत नाही, मोजायला गेलात तरी फरक मशिनच्या चुकीत जाईल एवढाच. ओव्हनवर संशय घ्यायचा तो दोनच वेळा. एक, ओव्हनचं थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) एका कोपऱ्यात आणि बर्नर दुसऱ्या कोपऱ्यात, म्हणजे पॅनेलवर २०० दिसतंय आणि बर्नरसमोरचा जॉब २६० ला बसलाय. दोन, जेवणाच्या सुट्टीत किंवा कन्व्हेयर अडकल्यावर माल आतच राहिला. तसं झालं असतं तर पूर्ण पाईप सगळीकडं सारखा मऊ पडला असता, तुमचा वाकलाय फक्त वेल्डच्या शेजारी. ही खूण मला पुरेशी आहे.

आता वेल्डचं बघू. टॉर्चखाली डबकं वितळतं, त्याला लागून जो पट्टा आहे तो ५०० च्या वर जातो, तिथले कण पुन्हा विरघळतात, आणि नंतर हवेत गार होऊन त्याच्यात थोडी ताकद आपोआप परत येते, अर्धवट टी-४ सारखी (टी-४ म्हणजे क्वेंच करून भट्टीत न पिकवता ठेवलेला माल). त्याच्या पलीकडचा पट्टा जातो तीनशे-चारशे डिग्रीपर्यंत, तिथं पूर्ण विरघळत नाहीत पण मोठे मात्र होतात, तो सगळ्यात मऊ पट्टा आणि तो बहुतेक वेळा वेल्डच्या कडेपासून एक-दीड सेंटीमीटरवर सापडतो. बोटभर अंतरावर वाकला असं तुम्ही लिहिलंय तिथंच. वेल्ड स्वतः वाचलं कारण तिथं मण्याची जाडी जास्त. डिझाइनचे जे नियम आहेत त्यात वेल्डपासून २५ मिलीमीटरपर्यंतचा भाग मऊ धरायचा आणि वेल्ड केलेल्या ६०६१ टी-६ ची ताकद १६५ मेगापास्कल आणि यील्ड १०५ च्या आसपास धरायची असं असतं. तुम्ही हिशोब केला असणार टीसीवरच्या यील्डवर, आणि लोड तर नेमका पायाच्या बुडाशी सगळ्यात जास्त येतो, म्हणजे धातू जिथं सगळ्यात मऊ तिथंच सगळ्यात जास्त ताण. वेल्डर कितीही हुशार असला तरी हे टळत नाही, फार तर करंट नीट ठेवून, पटकन वेल्ड मारून, दोन पासच्या मध्ये जॉब गार होऊ देऊन तो मऊ पट्टा थोडा अरुंद ठेवता येतो. प्रीहीट देणाऱ्यांनी जपून, ६०००, ७००० सिरीजला (म्हणजे ६०६१, ७०७५ च्या कुळाला) १२० च्या पुढं नेऊ नका, आणि पातळ पाईपला तर गरजच नसते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. वाकलेला पाय कापून घ्या, लांबीत उभा चिरा, पॉलिश पेपरनं घासून सपाट करा आणि वेल्डपासून दर ५ मिलीमीटरवर हार्डनेस घ्या. ६०६१ चा टी-६ ब्रिनेल या हार्डनेसच्या मापावर ९५ च्या आसपास येतो, टी-४ ६५ आणि ओ ३०. तुम्हाला वेल्डशेजारी दरी पडलेली दिसेल आणि पलीकडं पुन्हा ९० च्या वर चढलेला आकडा दिसेल. लॅब लांब असेल तर एक्स्ट्रूजनवाल्यांकडं हातात धरून दाबायचा वेबस्टर गेज असतो, तोही चालेल, आकडा वेगळा येतो पण दरी तीच. आणि जर लांबवरचा आकडाही खाली आला तर मात्र गोष्ट वेगळी, मग मटेरियलवाल्याकडं वळा. कारण बाजारात एचई-२० म्हणून एचई-९ खपवला जातो, म्हणजे ६०६१ च्या नावावर ६०६३, जो खिडक्यांच्या सेक्शनचा माल आहे, टी-६ मध्ये २४१ आणि टी-५ मध्ये (वेगळं क्वेंच न करता नुसता पिकवलेला) १८६ ला तुटणारा. स्पेक्ट्रोमध्ये तांब्याकडं बघा, ६०६१ मध्ये किमान ०.१५ टक्के पाहिजेच आणि ६०६३ मध्ये ०.१० च्या वर चालत नाही. मँगनीज ०.४ च्या वर दिसलं तर तो एचई-३० म्हणजे ६०८२ असणार, तो चांगला माल आहे, वाईट वाटून घेऊ नका, पण वेल्डशेजारी तोही असाच मऊ होतो.

७०७५ चा विचार डोक्यातून काढून टाका. मोह होतो मला माहितीय, टी-६ मध्ये ५७२ मेगापास्कल, यील्ड ५०३, साधं स्टील लाजेल. पण त्यात जस्त ५.१ ते ६.१ टक्के, मॅग्नेशियम २.१ ते २.९ आणि तांबं १.२ ते २.० टक्के. ते वितळायला सुरू होतं ४७७ ला आणि पूर्ण वितळतं ६३५ ला, एवढ्या मोठ्या टप्प्यात ते अर्धवट चिखलासारखं राहतं आणि गार होताना आक्रसतं तेव्हा दाण्यांच्या मधून फाटतं. टिगनं म्हणजे आर्गननं वेल्ड करायचा माल नाहीच तो. चीर दिसली नाही तरी त्या पट्ट्यात गंज आणि ताण मिळून नंतर तडा जायची भीती राहते. वर उष्णतेला तो ६०६१ पेक्षा नाजूक, कारण त्याचं एजिंगच होतं १२० डिग्रीला २४ तास. जो माल १२० ला पिकवलाय तो २०० च्या ओव्हनमध्ये घातला तर पुढं जाणारच, म्हणजे इथं तुमच्या शेडमधल्यांचा संशय खरा ठरला असता. लांब मुदतीत १०० डिग्रीला ४८३ आणि १५० ला २१४, बघा कसा कोसळतो, १५० ला ६०६१ त्याच्या पुढं निघून जातं. तरी सगळंच ओव्हरएजिंग वाईट असतं असंही नाही, ७०७५ ला मुद्दाम दुसऱ्या टप्प्यात १६५-१७५ ला धरून टी-७३ करतात, ताकद १०-१५ टक्के सोडतात आणि बदल्यात ताणाखाली गंजून तडकायचं कमी होतं. विमानाचे जाड पार्ट असे करतात.

अजून एक, गिऱ्हाईक म्हणत असेल की कॅरिअर लवचिक वाटतो, हलतो, तर त्यावर मिश्रधातू बदलून काहीही होणार नाही. ६०६१ असो की ७०७५, ओ असो की टी-६, इलॅस्टिक मॉड्यूलस ७० गिगापास्कलच्या आसपासच, म्हणजे स्टीलचा तिसरा हिस्सा. त्यासाठी पाईपचा व्यास वाढवायचा, दुसरा इलाज नाही.

मग करायचं काय. कॅरिअर पूर्ण बनवून पुन्हा ५३० ला नेऊन पाण्यात टाकायचा आणि एज करायचा हा पुस्तकी उपाय, सायकलच्या ६०६१ फ्रेमना असंच करतात, पण तुमचा एवढा मोठा सांगाडा क्वेंचमध्ये असा वेडावाकडा होईल की सरळ करण्यात दिवस जाईल. शिवाय ४०४३ फिलर (वेल्डमध्ये वितळवायची तार) नुसतं सिलिकॉन घातलेला, त्यात मॅग्नेशियम नाही, पाईपचा धातू त्यात मिसळला तरच तो थोडा कडक होतो, यासाठी ४६४३ नावाचा मॅग्नेशियम घातलेला फिलर वेगळा येतो. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. माल टी-४ मध्ये घ्या, वेल्ड करा आणि मग पूर्ण कॅरिअर १७५ ला ८ तास एज करा. क्वेंच नाही म्हणून वाकडेपणा नाही, लांबचा पाईप टी-६ होतो आणि वेल्डजवळचा विरघळलेला पट्टाही बराच भरून येतो, टी-६ वेल्ड करून तसंच सोडण्यापेक्षा खूपच बरा. तुमच्या भागात एवढी मोठी एजिंगची भट्टी भाड्यानं मिळत असेल तर हिशोब घालून बघा. मात्र टी-४ असं लेबल लावून कुणी क्वेंच न केलेला किंवा मऊ माल देत नाही ना हे हार्डनेसनं तपासा.

तिसरा रस्ता डिझाइनचा आणि माझ्या मते तुमच्यासाठी हाच. वेल्ड नको तिथून हलवा. पायाच्या बुडाशी वेल्ड न करता कास्ट किंवा मशीन केलेला सॉकेट घ्या, पाईप त्यात घालून बोल्ट मारा, स्टीलचा बोल्ट असेल तर मध्ये वॉशर आणि कोटिंग ठेवा नाहीतर पावसाळ्यात गंजाचा खेळ सुरू होतो. वेल्डच पाहिजे असेल तर पायाला आतून स्लीव्ह घाला म्हणजे मऊ पट्ट्यात जाडी दुप्पट होईल, आणि गसेट (कोपऱ्यात आधाराला लावायची तिकोनी पट्टी) लावलाच तर त्याचं टोक पाईपवर आडवं संपवू नका, नाहीतर तोच मऊ पट्टा तुम्ही फक्त वर सरकवला, पाईप आता तिथं वाकेल.

चौथा, ५०८३ सारखा ५००० सिरीजचा माल. त्यात मॅग्नेशियम ४.० ते ४.९ टक्के आणि ताकद एजिंगच्या कणांची नाहीच, मॅग्नेशियम विरघळलेल्याच अवस्थेत राहून काम करतं. त्यामुळं वेल्ड केल्यावरही २७० च्या आसपास ताकद राहते, बोटी, टँकर त्याचेच करतात. पण इथं तुमच्या उन्हाच्या प्रश्नाचं उत्तर येतं. ३ टक्क्यांच्या वर मॅग्नेशियम असलेला माल ६५ डिग्रीच्या वर बराच काळ राहिला की मॅग्नेशियम दाण्यांच्या कडेकडेनं बाहेर पडून एक थर धरतं आणि मग ओल, मीठ लागलं की त्या कडांवरून गंज आत शिरतो, ताण असेल तर तडे जातात. अमेरिकेच्या नौदलाच्या टिकॉन्डेरोगा जातीच्या क्रूझर बोटींवर ५४५६ या ५००० सिरीजच्याच मालाचा वरचा बांधा होता, त्याला असे तडे जाऊन दुरुस्तीला फार खर्च आला, आणि तिथं उष्णता कसली तर बरीचशी उन्हाचीच, वर्षानुवर्षांची. त्यामुळं सांगलीच्या मे महिन्यात काळ्या रंगाचा कॅरिअर हात लावू देत नाही एवढा तापला तरी तुमच्या ६०६१ ला त्याचं काही नाही, ते १६०-१७५ ला पिकवलेलं आहे, सत्तर डिग्री त्याच्या खिजगणतीतही नाही. ५०८३ असेल तर मात्र काळा रंग नको, आणि इंजिन, सायलेन्सरजवळ तर नकोच, तिथं ५०५२ किंवा ५४५४ घ्या ज्यात मॅग्नेशियम तीनच्या आत असतं. फिलरलाही हेच लागू, ५३५६ मध्ये ५ टक्के मॅग्नेशियम म्हणून तो गरम जागी वापरत नाहीत, तिथं ४०४३. ४०४३ ची खोड एवढीच की अ‍ॅनोडायझिंग केलं की वेल्डची रेघ काळपट दिसते, तुम्ही पावडर कोटिंग करताय त्यामुळं फरक नाही.

विषय निघालाच आहे तर अलॉय व्हीलबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण हायवेच्या कडेला हे रोज चाललंय आणि इथं पाईप वाकण्यावर निभावत नाही, माणसाचा जीव आहे. अलॉय व्हील बहुतेक ए-३५६ चं, सिलिकॉन ७ टक्के आणि मॅग्नेशियम ०.३ च्या आसपास, आपल्याकडं त्याला एलएम-२५ म्हणतात, आणि तेही टी-६ केलेलं असतं, ५४० ला विरघळवून १५५ च्या आसपास तीन-पाच तास पिकवलेलं. खड्ड्यात आपटून रिम वाकली की गॅसचा टॉर्च मारून, जॅक लावून सरळ करतात, आणि विचारलं की किती गरम केलं तर म्हणतात जास्त नाही, लाल कुठं झालं. अहो अ‍ॅल्युमिनियम उजेडात लाल होतच नाही, वितळेपर्यंत तसंच पांढरं दिसतं, स्टीलसारखे पिवळे-निळे रंगही चढत नाहीत. साबण घासून काळा पडेपर्यंत तापवायची जी जुनी युक्ती आहे ती पत्रा मऊ करायची युक्ती आहे, साबण काळा पडला म्हणजे साडेतीनशेच्या वर गेलात आणि टी-६ संपला. कुणी हुशार असतो तो इन्फ्रारेड गन दाखवतो, बघा फक्त १२० आहे म्हणतो. ती गन काळ्या, खरखरीत पृष्ठभागासाठी ०.९५ वर सेट केलेली असते आणि उघडं चकचकीत अ‍ॅल्युमिनियम त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंच किरण सोडतं, त्यामुळं गन १२० दाखवते तेव्हा खरं तापमान कितीतरी वर असू शकतं. तिथं काळ्या पेंटचा ठिपका मारून त्यावर गन धरा, किंवा ठराविक तापमानाला वितळणारा टेम्परेचर खडू वापरा, किंवा सरळ टच थर्मोकपल. माझं मत विचाराल तर रिमची नुसती बाहेरची कड थोडी दबलीय, चीर नाही, तर १५० च्या आत ठेवून हळूहळू सरळ करायला हरकत नाही, नंतर डाय पेनिट्रंट म्हणजे चिरा दाखवणारा रंग मारून बघायचं. स्पोकला किंवा हबजवळ काहीही असेल, चीर असेल, वाकलं असेल, तर ते व्हील भंगारात. वेल्ड करून पॉलिश करून पुन्हा लावलेलं व्हील खंबाटकी घाट उतरताना ब्रेकच्या उष्णतेत आणि लोडखाली कसं वागेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

कास्टिंगवाल्यांचेही प्रश्न येतात म्हणून थोडक्यात. एडीसी-१२ या ओतीव मिश्रधातूचे प्रेशर डायकास्ट (दाबानं साच्यात ओतलेले) पार्ट टी-६ करून द्या म्हणणारे येतात, ते नेहमीच्या पद्धतीनं ओतलेले असतील तर करू नका, आत दाबलेला गॅस असतो तो ५०० डिग्रीला फुगून पृष्ठभागावर फोड आणतो. तांबं असलेलं कास्टिंग ए-३५६ च्या ट्रेमध्ये मिसळून ५४० ला गेलं तर दाण्यांच्या कडा वितळतात, कारण तांबं आणि मॅग्नेशियम दोन्ही असलेल्या मालात शेवटचं थेंबभर द्रव ५०७ च्या आसपास गोठलेलं असतं, तेच आधी वितळणार. तो पार्ट बाहेरून छान दिसतो आणि आतून गेलेला असतो, त्याला पुन्हा काहीही करून वाचवता येत नाही. आणि भंगार वितळवून ओतताना लोखंडावर लक्ष ठेवा, ए-३५६ मध्ये ०.२० च्या आतच पाहिजे, वर गेलं की सुईसारखे कण पडतात आणि माल ठिसूळ होतो, मग तुम्ही भट्टीत कितीही सुंदर सायकल चालवा, इलाँगेशन, म्हणजे तुटण्याआधी ताणलं जायची क्षमता, येत नाही.

गंमत म्हणजे तेच लोखंड मुद्दाम घालूनही धातू केलेत. २६१८ नावाच्या मालात लोखंड ०.९ ते १.३ टक्के आणि निकेलही साधारण तेवढंच असतं, या दोघांचे कण उष्णतेनं सहजासहजी मोठे होत नाहीत, म्हणून तो २०० डिग्रीलाही बराच टिकतो. कॉन्कॉर्ड विमानाची कातडी त्याच कुळातली होती, आवाजाच्या दुप्पट वेगानं उडताना नाकाचं तापमान १२७ डिग्रीपर्यंत जायचं आणि वेग त्यापुढं वाढवला नाही त्याचं एक मोठं कारण हेच अ‍ॅल्युमिनियम. पिस्टनमध्येही सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास, जोडीला तांबं, निकेल, मॅग्नेशियम, आणि एजिंग २०० च्या वर करतात म्हणजे चालताना तापलं तरी माल फार बदलत नाही. गरम जागी वापरायचा पार्ट वापराच्या तापमानापेक्षा वरच्या तापमानाला पिकवलेला असावा, एवढं धरून चाललात तर निम्म्या चुका टळतात.

मॅग्नेशियमचे धातू अजून हलके, घनता १.७४, अ‍ॅल्युमिनियमची २.७०, पण नेहमीचा एझेड-९१ म्हणजे ९ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि १ टक्का जस्त, तो १२० च्या वर लोडखाली हळूहळू सरकायला लागतो, केसिंगचे बोल्ट ढिले पडतात ते त्यामुळंच. रेअर अर्थ आणि इट्रियम घातलेला डब्ल्यूई-४३ २५० पर्यंत चालतो पण किंमत ऐकून सोडून द्याल. मॅग्नेशियमचा भुसा, ग्राइंडिंगची धूळ पेटली तर पाणी अजिबात मारू नका, हायड्रोजन तयार होऊन भडका उडतो, कोरडी वाळू किंवा त्यासाठीची खास पावडर टाका. टायटॅनियम तुमच्या कामात येणार नाही म्हणून सोडतो.

आता जे कॅरिअर आधीच विकलेत त्यांचं. एक वाकला म्हणजे त्याच पद्धतीनं केलेले बाकीचेही तेवढेच कमजोर आहेत, फक्त त्यांच्यावर अजून तेवढा लोड आला नाही. सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करा, गाडी बोलवा, प्रत्येक पायाच्या बुडाशी बाहेरून दोन अर्ध्या नळ्यांचा क्लॅम्प लावा, वेल्डपासून किमान ७५ मिलीमीटर वरपर्यंत जाईल असा आणि फक्त बोल्टनं आवळलेला, तिथं पुन्हा टॉर्च लावू नका. ज्याचा पाय थोडासुद्धा वाकलाय तो सरळ करून परत देऊ नका, अख्खा पाय बदला. आणि तासगावच्या त्या बागायतदाराला आधी बोलवा, त्याचे बाकीचे पाय अजून लोडखालीच आहेत.